मागच्या बाजूचा पहिला रकाना

मित्रांनो, मी एक जुना खाकी लिफाफा आहे. माझ्यावर कधी तिकीट चिकटलं नाही, टपालाचा शिक्का बसला नाही, आणि ज्या विद्यापीठात माझा जन्म झाला त्याच्या फाटकाबाहेर मी एकदाही गेलो नाही. तरीही मी फार हिंडलो आहे. फाटकाच्या आत आठ-नऊ कोस भरतील एवढे रस्ते आहेत, आणि त्यातला असा एकही रस्ता नाही जिथे टपालगाडीत बसून मी हादरे खाल्ले नाहीत.

एका विभागातून दुसऱ्या विभागात कागद नेणं हे माझं काम. माझ्या पुढच्या बाजूला वीस रकाने छापले आहेत आणि मागच्या बाजूला वीस. पाठवणारा एका रकान्यात पत्ता लिहितो. ज्याला मी मिळतो तो आतला कागद काढून घेतो, आणि पुढे कुणाला काही पाठवायचं झालं की आधीचं नाव खोडून खालच्या रकान्यात नवीन नाव लिहितो. न खोडलेलं नाव म्हणजे मला जिथे जायचं आहे ते ठिकाण. नियम इतका सोपा आहे की मोठमोठ्या विद्वानांनाही तो सहसा चुकवता येत नाही. सहसा, असं मी मुद्दाम म्हणतो.

माझ्या अंगाला सहा भोकं आहेत. ती उंदराने पाडलेली नाहीत, जन्मापासूनची आहेत. आत काही राहिलं आहे की नाही ते बाहेरूनच दिसावं म्हणून ती ठेवतात. लहानपणी मला या भोकांचा फार अभिमान होता. पुढे तो उतरला, तो का ते सांगतो.

माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यात झाला. तिथल्या बांधणी विभागात एक मावशी होत्या. प्रबंधांना पुठ्ठे चढवायचे आणि उरलेल्या वेळात आम्हाला चिकटवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी माझ्या कडा दुमडल्या, डिंक लावला, वरच्या झडपेवर एक लाल चकती बसवली, खाली दुसरी, आणि मधे दोरा ओवला. आम्ही चारशे भावंडं एका दिवसात झालो. गठ्ठा बांधताना मावशी म्हणाल्या, "जा रे बाबांनो. कुणाच्या खणात सडत पडू नका म्हणजे झालं."

माझ्या पहिल्या रकान्यात कुलसचिवांचं कार्यालय आलं. मी ताठ झालो. आत एखादा मोठा ठराव असेल असं मला वाटलं होतं. निघालं ते गळक्या नळाबद्दलचं स्मरणपत्र, तेही तिसरं. विद्यापीठ म्हणजे काय, हे मला पहिल्याच दिवशी थोडंसं कळलं.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. इथे छत्तीस हजार मुलं शिकतात. चार हजार माणसं शिकवतात आणि शोध लावायच्या खटपटीत असतात, आणि त्या सगळ्यांना चालतं ठेवणारी माणसं त्याहून जास्त आहेत. ग्रंथालयाला सात मजले आहेत. तिथून एका प्राध्यापकांना दर वर्षी एकच पत्र जायचं, की सतरा वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक कृपया परत करावं. ते पत्र दोनदा माझ्यातून गेलं. रसायनशास्त्राच्या तळघरात काचकाम करणारे एक काका बसत. संशोधक त्यांना हव्या त्या उपकरणाचं चित्र काढून पाठवत, आणि काका ज्योतीवर काच फुंकून ते तयार करत. एकदा त्यांनी चित्र माझ्यातूनच परत धाडलं. खाली लिहिलं होतं, "सर, असं केलं तर पाणी डोंगर चढेल. एकदा नीट बघा." सरांनी नीट बघितलं आणि दुसरं चित्र पाठवलं.

जनावरांच्या दवाखान्यातून एका कासवाचा एक्स-रे मी यंत्रशाळेत नेला. कासवाचा पुढचा पाय गेला होता. यंत्रशाळेतल्या मुलांनी त्याला पायाच्या जागी एक छोटं चाक बसवून दिलं, आणि नंतर त्या चाकाचा नकाशा हाडांच्या डॉक्टरांनी मागवून घेतला, तोही मीच पोचवला. मला वाचता येतं, पण समजतं सगळंच असं नाही. मात्र एवढं समजलं की इथे कुणाचं काम कुणाच्या उपयोगी पडेल याचा काही नेम नसतो, आणि ते पडायचं तर मधे कुणीतरी ने-आण करावी लागते.

ती ने-आण करणारे आमचे टपालमामा. सकाळी दहाला एक फेरी, दुपारी तीनला दुसरी. बॅटरीवर चालणारी चारचाकी गाडी, तिच्यात खणाखणांची पेटी, आणि मामांच्या पायाला भिंगरी. कुठल्या विभागाच्या दाराला कडी लागत नाही, कुठल्या लेखनिकाचा मुलगा परीक्षेला बसला आहे, कोणत्या साहेबांशी जेवणाआधी बोलू नये, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ते पेटीतल्या लिफाफ्यांशीसुद्धा बोलत. "चल, तू खगोलवाला. तू मागे हो, तुला अजून वेळ आहे."

मावशींनी सांगितलं होतं तरी मी एकदा खणात पडलोच. भाषा विभागातल्या एका जाडजूड कोशाखाली दोन वर्षं काढली. बाहेर आलो तेव्हा जग बदललं होतं. पत्रं संगणकावरून जाऊ लागली होती. मामांच्या पेटीतले अर्धे खण रिकामे असत. पण जे संगणकातून जात नाही ते आम्हालाच न्यावं लागे, म्हणजे सही केलेले मूळ कागद, काचेच्या पट्ट्या, किल्ल्या. आणि बिया.

आता त्या बियांबद्दल सांगतो.

विद्यापीठाच्या एका टोकाला बीजसंग्रह आहे. एक मोठी थंड खोली, तिच्यात हजारो डब्या, आणि प्रत्येक डबीत कुठल्यातरी झाडाच्या थोड्या बिया. तो सांभाळणाऱ्या बाईंना सगळे बियाणेबाई म्हणत. त्या कायम जांभळ्या शाईने लिहीत. तिथून बी बाहेर द्यायचं तर ते टपालानेच जायचं आणि पावतीवर सही होऊन टपालानेच यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्याकडची एकही पुडी हरवली नव्हती.

दुसऱ्या टोकाला वनस्पतिशास्त्राचं हरितगृह. तिथे एक मुलगी सहा वर्षं एका रानगवतावर संशोधन करत होती. हे गवत खाऱ्या मातीत वाढायचं, आणि ते तिथे कसं जगतं हे तिला शोधायचं होतं. सगळे तिला गवतताई म्हणत. तिचे वडील दर रविवारी फोनवर विचारत, "काय गं, उगवलं का तुझं गवत?" ती हसून विषय बदलायची. ते गवत फक्त एका टेकडीच्या उतारावर सापडलं होतं, आणि ती टेकडी फोडून तिथून रस्ता गेला होता. आता ते हरितगृहातल्या कुंड्यांमध्ये होतं आणि बीजसंग्रहातल्या एका डबीत होतं, बस्स.

त्या वर्षी हरितगृहाचा पंखा तीन दिवस बंद पडला, दमटपणा साचला, आणि बुरशीने सगळ्या कुंड्या खाल्ल्या. उरली ती डबी. डबीत बावीस बिया होत्या. बीजसंग्रहाच्या समितीने बैठक घेऊन गवतताईला निम्म्या म्हणजे अकरा द्यायचं ठरवलं आणि सांगितलं, की यापुढे एकही मिळणार नाही. या बियांना आणखी एक अट होती. थंडीतून काढल्यावर चौदा दिवसांत त्या मातीत जायला हव्यात, नाहीतर त्या उगवत नाहीत.

बियाणेबाईंनी अकरा बिया पातळ कागदाच्या पुडीत बांधल्या. पुडी माझ्या लाल चकतीपेक्षा थोडीशीच मोठी. पावती तिलाच गुंडाळली. मग टपालकक्षातून आलेल्या रिकाम्या लिफाफ्यांतून त्यांनी मला उचललं. माझे पुढचे वीसही रकाने भरले होते. विसाव्यात 'गणित विभाग' असं लिहिलेलं होतं, कारण मी शेवटचा तिथेच गेलो होतो. बाईंनी मला उलटवलं आणि मागच्या बाजूच्या पहिल्या रकान्यात जांभळ्या शाईने लिहिलं, 'हरितगृह, वनस्पतिशास्त्र'. आता मला पुन्हा पालथं करायचं आणि 'गणित विभाग' खोडायचं, एवढंच काम उरलं होतं.

तेवढ्यात थंड खोलीची घंटा वाजली. आतलं तापमान दोन अंशांनी चढलं होतं. बाई धावत गेल्या, दार घट्ट लावलं, घंटा थांबवली, परत आल्या, माझा दोरा गुंडाळला आणि मला टपालाच्या पेटीत टाकलं. पुढचं नाव तसंच राहिलं.

टपालमामांच्या हातात मी आलो तो पुढची बाजू वर करून. त्यांनी पाहिलं, 'गणित विभाग' खोडलेलं नाही. उलटून बघायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी मला गणिताच्या खणात टाकलं. आणि गाडीच्या हादऱ्यांनी ती एवढीशी पुडी घसरत घसरत माझ्या खालच्या कोपऱ्यात, डिंकाच्या घडीपाशी जाऊन अडकली.

गणित विभागाच्या लेखनिक ताईंनी मला खिडकीकडे धरलं. सहाही भोकांतून लख्ख उजेड दिसला. "रिकामंच आलंय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "मामांचं वय झालं बहुतेक." त्यांनी माझा दोरादेखील सोडला नाही आणि मला रिकाम्या लिफाफ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं.

मित्रांनो, आपल्याला बोलता येत नाही याचं मला तोवर कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

त्या विभागात एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांना कागदवाले सर म्हणत, कारण समोर दिसेल त्या कागदावर ते गणित मांडत. एकदा त्यांनी उपाहारगृहाच्या दरपत्रकावर मांडलं होतं, आणि ते दरपत्रक शेवटी विभागाने विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठ्यावरून मला उचललं, खोलीत नेलं आणि माझ्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने गणित सुरू केलं. रकान्यांच्या रेघा त्यांना दिसल्याच नाहीत. जांभळ्या अक्षरांवरून त्यांचे आकडे असे चालून गेले की पत्ता शोधायला डोळ्यांत तेल घालावं लागलं असतं. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं, माझ्यावर दुसरे कागद आले, त्यांच्यावर तिसरे.

तिकडे गवतताई वाट बघत होती. समितीच्या सह्यांना वेळ लागत असेल असं समजून ती पाच दिवस गप्प राहिली. सहाव्या दिवशी तिने बीजसंग्रहात फोन केला. बिया पहिल्याच दिवशी निघाल्याचं बाईंच्या वहीत होतं. गवतताई तशीच टपालकक्षात गेली, आणि थोड्या वेळाने बियाणेबाईही तिथे पोचल्या. हे सगळं मला नंतर कळलं, कारण मामांनी ते पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

"मामा, तुमच्या हातून काही राहत नाही, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण पुडी गेली कुठे?"

"लिफाफा कसला होता? नवा की वापरलेला?"

"वापरलेला. पुढून भरला होता, म्हणून मी मागे लिहिलं."

मामा एकदम खाली बसले. "मागे? आणि पुढचं शेवटचं नाव खोडलं होतंत का बाई?"

बाईंना आठवेना. त्यांनी पुष्कळ आठवून बघितलं. मग त्यांना घंटा आठवली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "नाही खोडलं," त्या म्हणाल्या. "ते कुठलं नाव होतं, तेही मी बघितलं नाही."

"मग मी तो त्या न खोडलेल्या जागी टाकला असणार," मामा म्हणाले. "मीसुद्धा उलटून बघायला हवं होतं. अडतीस विभाग आहेत, गवतताई. चला."

दोन्ही फेऱ्या सांभाळून मामा आणि गवतताई विभागामागून विभाग पालथे घालू लागले. प्रत्येक ठिकाणी रिकाम्या लिफाफ्यांचा गठ्ठा मागायचा, प्रत्येक लिफाफा उलटायचा, मागच्या पहिल्या रकान्यात जांभळी शाई आहे का बघायचं, आणि भोकांवर विश्वास न ठेवता आत हात घालायचा. लोकांनी खूप साथ दिली. काचवाल्या काकांनी आपली कपाटं उघडून दिली. जनावरांच्या दवाखान्यात दोघांना एका लिफाफ्यात त्या कासवाचं जुनं बिल सापडलं. पण पुडी मिळेना. दहावा दिवस गेला, अकरावा गेला. गवतताईने जेवणाकडे बघणं सोडलं होतं.

बाराव्या दिवशी ते गणित विभागात आले. लेखनिक ताईंनी गठ्ठा पुढे केला. त्यात मी नव्हतो.

"एवढेच?" मामांनी विचारलं.

"एवढेच. एक रिकामं आलं होतं मागे, तेही यातच असेल," ताई म्हणाल्या.

"रिकामं आलं होतं? मी रिकामा लिफाफा दोरा बांधून कशाला आणीन, ताई?"

ताईंचा हात तोंडावर गेला. त्या उठल्या आणि तडक कागदवाल्या सरांच्या खोलीत शिरल्या. सरांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता. ताईंनी तो उपसला आणि मला बाहेर ओढलं.

"अहो, ते नेऊ नका!" सर ओरडले. "त्यावर माझं गणित आहे. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जमत आलंय."

"सर, त्यात माझी सहा वर्षं आहेत," गवतताई म्हणाली. "आणि दोन दिवस उरलेत."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "बघा आधी. बघा."

गवतताईने दोरा सोडला. भोकांतून डोकावली नाही. सरळ मनगटापर्यंत हात आत घातला आणि कोपरा चाचपला. घडीपाशी तिची बोटं थांबली. पुडी बाहेर आली तशी मामांनी खाली आपली टोपी धरली. तिने टोपीवर पुडी उघडून मोजलं. अकराच्या अकरा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताई तर रडल्याच. सरांनी खिशातून दुसरा कागद काढला आणि माझ्यावरचं गणित मुकाट्याने उतरवून घ्यायला बसले. दोन ओळींनंतर ते थांबले, स्वतःशीच "अरेच्चा, इथेच चुकलंय," म्हणाले आणि खुशीत पुढे लिहू लागले.

त्याच दुपारी बिया मातीत गेल्या. गवतताईने माझ्यावरची पेन्सिल खोडरबराने हलक्या हाताने पुसली, पावती सही करून पाठवून दिली, आणि मला मात्र हरितगृहातल्या एका खिळ्याला अडकवून ठेवलं. संध्याकाळी बियाणेबाई आल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, पेन उघडलं आणि विसाव्या रकान्यातलं 'गणित विभाग' जांभळ्या रेघेने खोडलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता. तरी त्यांनी ते नीट, एका सरळ रेघेत खोडलं.

नऊ दिवस कुंड्यांमध्ये नुसती माती दिसत होती. दहाव्या दिवशी सकाळी गवतताई पाणी द्यायला आली आणि वाकली ती तशीच राहिली. दोऱ्यासारखं बारीक, पोपटी असं एक पातं वर आलं होतं. आठवडाभरात सात झाली. चार बिया आल्या नाहीत. रविवारी फोन वाजला, आणि तिच्या वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत ती म्हणाली, "बाबा, उगवलं."

पुढच्या वर्षी त्या सात रोपांनी चारशेच्या वर बिया दिल्या. गवतताईने त्यातल्या दोनशे पुडीत बांधल्या, माझ्या मागच्या बाजूचा पहिला रकाना खोडला आणि दुसऱ्यात लिहिलं, 'बीजसंग्रह'. टपालमामांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता. त्यांनी मला दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, पेटीत सगळ्यात वर ठेवलं, आणि म्हणाले, "चल रे, तुझ्यातल्या बियांना माहेरी सोडू."

आता मी बीजसंग्रहात आहे. माझे अजून अठरा रकाने रिकामे आहेत, पण हल्ली टपालाची एकच फेरी होते आणि मला सहसा कुणी बोलावत नाही. मी कधी खणात असतो, कधी टेबलावर. मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मोठं मागणं नाही. जुनं नाव खोडलं आहे ना, ते बघा. कागद हातात आला की उलटून बघा. आणि कशालाही रिकामं म्हणण्याआधी आत हात घाला. त्या बारा दिवसांत माझ्या वाट्याला आलेली सगळी माणसं भली होती. कामात चोख होती. प्रत्येकाने एकेक एवढीशी गोष्ट सोडली, इतकंच.

त्या दिवशी मामांनी मला पोचवलं तेव्हा बियाणेबाईंनी दोरा सोडला, पुडी बाहेर काढली, बिया मोजून डबीत भरल्या आणि डबी थंड खोलीत ठेवून आल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी मला पुन्हा हातात घेतलं आणि पुन्हा एकदा आत हात घालून खालचा कोपरा चाचपला. आत काही नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं.